मोरोपंतांचं सोयर

मोरोपंतांच्या सोवळ्याची अमरावतीला अंबागेटच्या आतल्या गल्लीत दहशत होती. सकाळी विहिरीवर आंघोळ करून ते ओल्या पंच्यानं घराकडे निघाले, की पोरं खेळ टाकून भिंतीला चिकटत, बायका पदर आवरून घेत आणि कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा उठून लांब जाऊन बसे. कुणाचा चुकून धक्का लागलाच तर पंत एक अक्षर बोलत नसत. गर्रकन मागे फिरायचे आणि पुन्हा दोन घागरी डोक्यावर ओतून घ्यायचे. ऐन थंडीत एकाच सकाळी त्यांनी अशा तीन आंघोळी केलेल्या लोकांनी पाहिल्या होत्या. तिसऱ्या वेळी तर धक्का वासराचा होता. कुणी म्हणालं, पंत, वासरू चालतं की. पंत म्हणाले, वासराला त्याआधी कोण शिवलं ते तुम्ही पाहिलं होतं का?

पंत भिक्षुकी करत. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, आणि तरी मोठ्या कार्याचा आचार्य होण्याचा मान त्यांना कधी मिळाला नव्हता. यज्ञ असो की वास्तुशांत, मधल्या पाटावर काशीला शिकून आलेले शास्त्रीबोवा बसायचे आणि पंत त्यांच्या डाव्या हाताला समिधा मोडत राहायचे. पन्नाशी उलटली तरी ही सल जात नव्हती. तेव्हा नांदगाव पेठेच्या किसनरावांनी आपल्या वावराच्या कडेला महादेवाचं देऊळ बांधलं आणि ज्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, "महाराज, पिंडीत प्राण घालाचा तो तुमच्याच हातानं. मले दुसरा मानूस नाई पायजे," त्या दिवशी आनंदानं पंतांना धड जेवण गेलं नाही. माघातला मुहूर्त निघाला. पंतांनी तो गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितला, काहींना दोनदा.

आणि पौष सरत आला असताना, सुनेला सातवा महिना लागतो न लागतो तोच, घरात भलतंच होऊन बसलं.

सून चारुशीला अकोल्याची. नवरा नारायण धामणगाव रेल्वे या गावी शाळामास्तर होता. तो तिथं खोली करून राहायचा आणि ती सासूसासऱ्यांजवळ अमरावतीला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, संक्रांत झाली की अकोल्याला धाडायचं, असं ठरलेलं. पण माहेरच्या घरात पोरांना गोवर निघाला म्हणून जाणं थोडं लांबवलं, आणि एका सकाळी भाजी निवडता निवडताच तिला कळा सुरू झाल्या. सुईण येईपर्यंत अर्धंअधिक काम होऊन गेलं होतं. सुईणीनं मूल हातात घेतलं, पाहिलं आणि फडक्यात गुंडाळून बाजूच्या परातीत ठेवून दिलं. मग ती बाळंतिणीकडे वळली. तिच्या लेखी त्या मुलाचं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परातीतून आवाज आला. रडणं म्हणावं एवढा मोठा नव्हता, पण होता. पंतांची बायको सुभद्राबाई तशीच अनवाणी मागच्या गल्लीत धावली आणि जनाना इस्पितळातल्या नर्स माणिकबाईंना घेऊन आली. सोयर, विटाळ, ख्रिस्ती बाई घरात, यातलं काही तिला त्या वेळी सुचलं नाही.

पंत बाहेर ओसरीवर बसले होते. मुलगी झाली, फार लवकर झाली, एवढं त्यांना कळलं. आता घराला दहा दिवस सोयर. देवाला शिवायचं नाही, संकल्प सोडायचा नाही, मंत्र तोंडातून काढायचा नाही. पंतांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. सोयर फिटायचं अकराव्या दिवशी सकाळी आणि किसनरावांचा मुहूर्त बाराव्या दिवशी. जमत होतं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आत नात मरणाच्या दारात होती आणि आजोबांच्या मनात आधी आलं ते हे. लपवण्यात अर्थ नाही, आलं.

थोड्या वेळानं माणिकबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला सडेतोड. पंतांचा स्वभाव त्यांना माहीत होता, म्हणून त्या खांबाशीच थांबल्या.

"पंत, पोरगी जिती हाय. शेरभर भरन का नाई, देव जाने. कातडी अशी पातय का आतल्या शिरा दिसतात. चोखाची ताकद नाई, धड श्वास घ्याची सवय नाई. पन जिती हाय."

"मग इस्पितळात न्यायची का?"

"तिथं कोनतं यंत्र ठेवलं हाय? मुंबईले असतीन म्हने पेट्या, उबेच्या. आन या थंडीत टांग्यात घालून नेली तर कोपऱ्यापर्यंत पोचनार नाई. इले तीन गोष्टी पायजे. ऊब, थेंबथेंब आईचं दूध, आन सोच्छ हात. ऊब पयली. घटकाभर निवली तरी गेली."

"शेगडी पेटवू."

"शेगडीनं एका अंगाले भाजते, दुसऱ्या अंगानं गारठते. गरम पान्याच्या बाटल्याही तशाच, घडीत कढत, घडीत थंड. मानसाच्या छातीची ऊब बरोबर. ना जास्त तापत, ना निवत. उघड्या छातीवर धरून बसाचं, वरून कापूस आन धोतर. दिवसरात."

चारुशीलेनं बसायचं हे उघड होतं. पण दुपारपर्यंत तिला हुडहुडी भरून ताप चढला आणि ती बरळायला लागली. सुभद्राबाई पुढं झाली, तर तिला थंडीभर पाठ न सोडणारा खोकला. पहिल्याच ढासेसरशी माणिकबाईंनी मूल तिच्याजवळून काढून घेतलं. "या पोरीले तुमचा खोकला झाला तर मंग मले बलावू नका," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. ओसरीवर पंत उघडे, उपरणं खांद्यावर टाकून, भिंतीला टेकून बसले होते.

"हे काय करून राहिले?"

"सोयर आहे ना," सुभद्राबाई म्हणाली. "काहीच नाही करत."

"मंग काहून रिकामे बसले? द्या यांच्यापाशी."

पंतांना वाटलं, बाई थट्टा करते. पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकायचं नाही आणि ही म्हणते मूल छातीशी धरा! त्यांनी शास्त्र सांगितलं, रीत सांगितली, लोक काय म्हणतील तेही सांगितलं. माणिकबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाले खोकला हाय का? पडसं? अंगावर फोड-खरूज?" नाही म्हटल्यावर त्यांनी साबण पुढं केला. मोरोपंतांना हात धुवायला शिकवणारं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं. त्यांनी राखेनं धुतले, मातीनं धुतले. माणिकबाई म्हणाल्या, आता साबनानं, कोपरापर्यंत, नखायत. सोयरात अंगाला विटाळ आहेच, त्यात साबणाची काय भर पडणार, असं पुटपुटत पंतांनी तेही केलं.

माजघरात खाटेवर लोड लावून त्यांना अर्धं टेकून बसवलं. माणिकबाईंनी जानवं बाजूला सारलं आणि ते मूल, पोटावर पालथं, पाय बेडकीसारखे दुमडून, त्यांच्या छातीवर ठेवलं. वरून कापूस, त्यावर सुभद्राबाईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा पाठीमागून बांधला. फक्त तोंड एका बाजूला उघडं राहिलं.

पंतांनी मान वाकवून पाहिलं. तांबूस, सुरकुतलेलं, अंगभर लव, कान तळहातावर पडलेल्या पाकळीइतके मऊ आणि दुमडलेले. सबंध हात त्यांच्या करंगळीएवढा. आणि त्या हाताला पाच बोटं, बोटांना नखं. त्यांना हसू आलं आणि लगेच भीती वाटली. नारायण झाला तेव्हा त्यांनी त्याला बाराव्या दिवशी लांबून पाहिलं होतं, तेही बाळंतिणीनं वर उचलून दाखवला म्हणून.

"श्वासाकडे ध्यान ठेवा," माणिकबाई म्हणाल्या. "ही मंधातच श्वास इसरन. मेली असं समजू नका, बोंबलू नका. तयपायाले बोटानं घासा, पाठीवरून हात फिरवा. याद येते तिले. निळी पडली तर मंग फुंकर घाला तोंडावर."

"श्वास विसरते?"

"पोटात कुठं घ्या लागत होता?"

पहिल्यांदा ती विसरली ती त्याच संध्याकाळी. छातीवरची ती बारीकशी धुकधुक होती, होती, आणि मग नव्हती. ओठांची कड काळपट झाली. पंतांनी पट्ट्यात हात घालून तळवा शोधला. तो इतका लहान होता की दोन बोटांत सापडेना. घासला. "अगं घे," ते म्हणाले. "घे बये, घे." आणि तिनं एक उचकी दिल्यासारखा श्वास घेतला. सुभद्राबाई स्वयंपाकघरातून आली तर पंतांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काय झालं?"

"काही नाही. विसरली होती."

असं दिवसातून कितीदा व्हायचं याला गणती नव्हती. हळूहळू पंतांना न पाहताही कळू लागलं. बोलता बोलता त्यांचा हात आपोआप पट्ट्यात जायचा, तळवा घासायचा आणि बोलणं पुढं सुरू राहायचं. जेवण सुभद्राबाई भरवायची, कारण पंत हात मोकळे सोडायला तयार नसत. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि नवऱ्याला घास भरवायची पाळी तिच्यावर आता आली. ती लाजायची आणि भात सांडायची. सोयर नसतं तर सांडलेल्या त्या शितावरून पंतांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

दुधाचं काम मोठं किचकट होतं. माणिकबाई इस्पितळाला जाताना आणि येताना डोकावायच्या. चारुशीलेच्या तापातही त्या तिचं दूध हातानं पिळून उकळलेल्या वाटीत काढायच्या. मग काचेच्या नळीनं एकेक थेंब मुलीच्या गालाच्या आतल्या बाजूला सोडायचा, तो गिळला की दुसरा. घाई केली तर दूध श्वासनळीत जाणार. हे काम सुभद्राबाई तोंडाला फडकं बांधून करायची आणि पंत वरून सूचना द्यायचे.

"थांब. अजून गिळला नाही."

"गिळला. मला दिसला."

"तुला दिसला, मला कळतो. थांब."

तिसऱ्या दिवशी मुलगी हळदीसारखी पिवळी पडली. सगळे घाबरले. माणिकबाई म्हणाल्या, कच्च्या पोरायले होतेच हे, सकायच्या कोवळ्या उन्हात बसा थोडे. म्हणून पंत रोज सकाळी अंगणात, वाऱ्याच्या आड, मूल बांधून बसायचे. गल्लीतली माणसं सोयरामुळं जवळ येत नसत, पण दारादारातून माना लांब करून पाहायची. पंतांनी एकदाही मान खाली घातली नाही. "काय पाहून राहिले?" ते ओरडायचे. "माणूस पाहिलं नाही का कधी?"

शनिवारी नारायण आला. धामणगावहून बडनेरा, तिथं गाडी बदलून अमरावती, थंडीत कुडकुडत आला आणि माजघराच्या दारातच दोनदा शिंकला. माणिकबाईंनी त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही. बिचारा बाप, त्यानं ओसरीवरूनच आपली पहिली मुलगी पाहिली, म्हणजे वडिलांच्या छातीवरचा कापूस पाहिला. वडिलांना त्यानं उभ्या जन्मात कुणाला जवळ घेतलेलं पाहिलं नव्हतं. सोमवारी शाळा होती. तो निघताना वडिलांकडे पाहत नुसता उभा राहिला. पंत म्हणाले, "जा. मी आहे ना."

किसनराव एकदा बाहेरूनच विचारपूस करून गेले. कापूस लागतो म्हटल्यावर त्यांनी आपल्या घरचा, बायांनी हातानं सरकी काढून पिंजलेला, पांढराशुभ्र कापूस पोत्यानं पाठवून दिला. वर निरोप, मुहूर्ताचं ध्यान ठेवा महाराज. पंतांनी उलट निरोप धाडला, सोयर फिटलं की हजर होतो.

एक अडचण होती ती पंतांची एकट्याची. मूल छातीवर आहे, घर शांत आहे, आणि तोंडाला मंत्रांची सवय. पण सोयरात मंत्र चालत नाहीत. अंगाईगीत एकही येत नव्हतं. मग त्यांनी पाढे सुरू केले. बेपासून तिसापर्यंत, ते संपले की पावकी, निमकी, औटकी. हलक्या आवाजात, हेल काढून. त्यांच्या छातीत आवाज घुमायचा आणि मुलगी जास्त शांत पडायची. एकदा त्यांचं जानवं घसरून पुढं आलं तर तिनं ते मुठीत धरलं. ते सोडवायला सुभद्राबाई पुढं झाली.

"राहू दे," पंत म्हणाले. "धरलंय तिनं."

अकराव्या दिवशी सकाळी सोयर फिटलं. सुभद्राबाईनं पहाटेच उठून घर सारवलं, अंथरुणं-पांघरुणं धुवायला टाकली, गोमूत्र शिंपडलं. चारुशीलेचा ताप दोन दिवसांपासून उतरला होता, पण तिला बसलं की चक्कर यायची. मुलीला घ्यायला आणखी तीनचार दिवस तरी लागतील, असं माणिकबाई म्हणाल्या होत्या. पंत तर आज निघून तिसऱ्या दिवशी परतणार. तोवर गरम पाण्याच्या बाटल्या घडीघडीला बदलायच्या, असं ठरलं. माणिकबाईंना ते पसंत नव्हतं. पंतांनाही नव्हतं. पण किसनरावांनी पाच गावांना जेवण सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर पंतांना जायचं होतं. मधल्या पाटावर बसायला ते तीस वर्षं थांबले होते.

मुलीला कापसात, बाटल्यांच्या मधोमध ठेवून पंत विहिरीवर गेले. कितीतरी दिवसांनी घागरी डोक्यावर ओतल्या. नवं जानवं घातलं, पंचगव्य घेतलं, रेशमी मुकटा नेसले. देवघरात जाऊन मोठ्यानं मंत्र म्हटले तेव्हा त्यांना बरं वाटलं, आपल्या घरी परत आल्यासारखं. बाहेर किसनरावांची दमणी येऊन उभी राहिली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या.

निघायचं, आणि पंतांचा पाय निघेना. त्यांना ती एकदा छातीशी हवी होती. पाच पळं, दहा पळं, एकदाच. पण ती सोयरातली, तिला शिवलं की पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि दमणी दारात. त्यांनी देवघरातून हाक मारली.

"अगं, बाळंतिणीला आंघोळ झाली ना? तिलाही पुसून घे."

"कोणाला?"

"तिला. ओलं फडकं फिरव एकदा. म्हणजे घेता येईल मला."

सुभद्राबाई दारात आली. "माणिकबाईंनी पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलं आहे."

"घागर ओत म्हणतो का मी? कोमट पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून, एकदा वरून फिरव. शास्त्रापुरतं. एकदा जवळ घेतो आणि निघतो."

सुभद्राबाईलाही हे सोयर एकदाचं फिटायला हवंच होतं. तिनं पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं. फडकं पिळलं. कापूस बाजूला केला आणि मानेपासून पायापर्यंत एक हात फिरवला. काही वाईट केलं नाही तिनं, एवढ्या प्रेमानं तर कुणी देवालाही पुसत नाही. पण ओलं अंग माघातल्या सकाळच्या गारठ्याला उघडं पडलं, ते पुरे झालं. तिनं घाईघाईनं कापूस लपेटला तेव्हा मुलगी हलत नव्हती.

"अहो!"

पंत नैवेद्याचं पाणी फिरवत होते. त्या हाकेनं त्यांच्या हातातली पळी खाली पडली. सुभद्राबाई मूल घेऊन देवघराच्या उंबऱ्यापाशी उभी होती. लहानगे पाय तिच्या हातातून लोंबत होते. तोंड निळं.

पंतांनी मुकट्याचा विचार केला नाही, नव्या जानव्याचा केला नाही. ती पुसून झाली होती की नाही, हेही त्यांना पुढं कधी आठवलं नाही. त्यांनी तिला ओढून छातीवर घेतलं आणि तिथंच देवांसमोर फरशीवर बसले. ती दगडासारखी गार लागली. तळवा घासला. पाठ चोळली. "घे," ते म्हणाले. काही नाही. पुन्हा घासला, जोरानं. "घे गं. अगं घे ना." त्यांनी तिच्या तोंडावर फुंकर घातली, मग दुसरी. त्यांचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "माझं चुकलं," ते तिच्या कानापाशी पुटपुटत होते, "माझं चुकलं, पुन्हा नाही करणार, एक श्वास घे बये, एकच." सुभद्राबाईनं डोळे मिटून घेतले होते. किसनराव हाक ऐकून माजघरापर्यंत आले होते आणि पागोटं हातात घेऊन उभे होते.

आणि तिनं घेतला. आधी एक, फार लांब. मग मध्ये काहीच नाही. मग दुसरा. मग पंतांच्या मुकट्यावर ऊनऊन ओलावा पसरला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. ते रडत होते, उघड उघड, तोंड न लपवता.

"बाटल्या नको," ते म्हणाले. "लुगड्याचा पट्टा आण."

सुभद्राबाईनं पट्टा बांधला, वर कापूस रचला. शेवटी किसनरावच म्हणाले, "महाराज, बैल जुंपून हायेत. मुहूर्त उद्याचा हाय."

"किसनराव, शास्त्रीबोवांकडे जा. ते घरी आहेत. मीच पाठवलं म्हणून सांगा."

"तुमीच पायजे होते मले."

"मलाही जायचं होतं."

"चार दिवसानं बसवू म्हनलं तर देव थांबन महाराज. पन पाच गावचे लोक नाई थांबनार."

"नका थांबवू. शास्त्रीबोवा चांगलं करतील." पंतांचा हात पट्ट्यात गेला, तळव्याशी थांबला, आणि पुन्हा बाहेर आला. "मी इथून हलत नाही."

किसनरावांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि थोडा रागही होता, का नसावा? तरी जाता जाता ते उंबऱ्याशी वाकले आणि कापसातून दिसणाऱ्या त्या चिमुकल्या तोंडाकडे पाहत राहिले. "एवढीशी असते होय," ते म्हणाले. मग दमणीच्या घंटा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिल्या.

माणिकबाई आल्या तेव्हा त्यांना मुलीच्या रंगावरूनच कळलं. "कोनी पुसलं इले?"

सुभद्राबाई तोंड उघडणार, तोच पंत म्हणाले, "मी. मी सांगितलं." माणिकबाईंच्या तोंडात पुष्कळ बोल होते, पण पंतांचे डोळे पाहून त्यांनी ते गिळले. "आता सोडू नका," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी पंत अंगणात उन्हाला बसले होते. सावलीवरून त्यांना वेळ कळली. या क्षणी नांदगावला शास्त्रीबोवा मधल्या पाटावर बसून पिंडीत प्राण घालत असतील. वाईट वाटलं. वाटणारच. असा मान आता पुन्हा कुणी देणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग सुभद्राबाई दुधाची वाटी घेऊन आली आणि ते थेंबांकडे लक्ष द्यायला लागले.

आणखी काही दिवसांनी माणिकबाईंनी चारुशीलेला लोडाला टेकवून बसवलं. ताप पुरता गेला होता. मुलगी आता बोटाचं टोक तोंडात दिलं तर चोखू पाहत होती. श्वास विसरायची, पण कमी. "आता आईची पाळी," माणिकबाई म्हणाल्या आणि पंतांच्या पाठीमागची गाठ सोडली. छातीवरून ती उचलली गेली तेव्हा पंतांच्या अंगावर काटा आला, इतकं गार वाटलं.

सून सासऱ्यासमोर बसत नाही, बोलत नाही, हा त्या घरचा नेम. आत जायचं असलं की पंत आधी खाकरायचे. आज ते खोलीच्या दाराबाहेर, पाठ करून उभे राहिले. आतून माणिकबाईंचा आवाज येत होता, असं धर, मान एका बाजूले. मग चारुशीलेचा आवाज आला, घाबरलेला, आणि तो थेट त्यांना होता.

"मामंजी! ती श्वास घेत नाहीये. तुम्ही या ना, तुम्हीच घ्या तिला."

पंतांचा हात आपसूक पुढं झाला. पण ती आता सुनेच्या छातीशी होती आणि तिथं सासऱ्याचा हात पोचण्यासारखा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ते सुनेशी सरळ बोलले, भिंतीकडे तोंड करून.

"घाबरू नको, पोरी. मेलेली नाही, विसरली आहे. तळवा शोध. उजवा. लवकर सापडतो."

"नाही सापडत!"

"दुमडलेला असेल पोटाशी. हं. घास. हळू नको, नीट घास. आणि बोल तिच्याशी. घे म्हण."

आत कापूस सरकल्याचा आवाज झाला. मग चारुशीला म्हणाली, "घे गं, राणी." मग ती रडायला लागली, आणि माणिकबाई हसल्या, आणि त्या दोघींच्या आवाजाखाली मुलीचा बारीक, चिडका आवाज आला. थोड्या वेळानं चारुशीला आतूनच म्हणाली, "मामंजी, ती चोखून राहिली."

पंत दाराशेजारून हलले. ते ओसरीवर जाऊन बसले. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. पोरगी जगणार होती. आता तिला त्यांची गरज नव्हती, आणि यासाठीच तर ते बसले होते.

सुभद्राबाई पंचा आणि लोटा घेऊन बाहेर आली. सोयर फिटलं त्या सकाळपासून पंतांनी आंघोळ केली नव्हती. मुलीला गार अंग लागेल म्हणून नुसते हातपाय धुऊन भागवलं होतं. अंगाला दुधाचा आंबूस वास होता, मुताचा होता, आणि कापसाचे तंतू केसांत अडकलेले होते.

"पाणी काढलंय," ती म्हणाली. "आंघोळ करून घ्या आता. देव पारोसे राहिलेत किती दिवस."

पंतांनी दोन्ही हात छातीवर घेतले, मूल असताना घ्यायचे तसे.

"करतो," ते म्हणाले. "थोडं थांब. तिचा वास आहे अजून अंगाला."